देहदंडापासून सभापतिपदापर्यंत: डॉक्टर श्टायगर

याकोब रॉबर्ट श्टायगर हे नाव आपल्यापैकी फारसं कुणी ऐकलं नसेल. जन्म १८०१चा, स्वित्झर्लंडमधल्या लुझर्न कँटनात, म्हणजे तिथल्या एका घटक राज्यात. वैद्यकी शिकले, खेड्यात दवाखाना चालवला आणि तिशीतच राजकारणात पडले. तेव्हाचं स्वित्झर्लंड म्हणजे पंचवीसेक छोट्या राज्यांची सैलसर मोट. प्रत्येकाचं सरकार वेगळं, कायदा वेगळा, फौजसुद्धा वेगळी.

१८३१ नंतर लुझर्नमध्ये श्टायगर यांच्या उदारमतवादी गटाची चलती होती. १८४१मध्ये पारडं फिरलं. लोकांनी नवी राज्यघटना मंजूर केली आणि कॅथलिक परंपरावादी निवडून आले. निवडून आले, हे ध्यानात ठेवा. पुढं १८४४मध्ये या सरकारनं जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंना लुझर्नमध्ये बोलावलं आणि शेजारची प्रॉटेस्टंट राज्यं खवळली.

३१ मार्च १८४५ रोजी उदारमतवाद्यांचे सुमारे साडेतीन हजार सशस्त्र स्वयंसेवक लुझर्नवर चालून गेले. सेनापती बर्नचे उलरिख ऑक्सेनबाइन. श्टायगरही पुढाऱ्यांत होते. रात्री माल्टर्स गावाशी त्यांची दाणादाण उडाली. शंभरावर माणसं मेली, दीड हजारांवर पकडली गेली. त्यात आपले डॉक्टर.

आता माझं मत सांगतो. श्टायगर यांच्याविषयी मला आपुलकी वाटते, पण हा सरळसरळ निवडलेल्या सरकारवर हल्ला होता. मतपेटीत हरल्यावर बंदूक उचलली, याला दुसरं नाव नाही. तरीही देहदंड? न्यायाधीश निवडणारी सभा विरोधकांच्या मुठीत, आणि आरोपी त्यांचा सगळ्यात लोकप्रिय शत्रू. मे महिन्यात शिक्षा सुनावली गेली.

ती अमलात आली नाही. १९ जूनच्या रात्री लुझर्नच्या केसेलटुर्म बुरुजातून श्टायगर निसटले. दार फोडून नव्हे. पहाऱ्यावरच्या तीन शिपायांनीच त्यांना बाहेर काढलं आणि तेही त्यांच्याबरोबर झुरिचला पसार झाले. ज्यांच्या हातात किल्ल्या, तेच सामील! लुझर्न सरकारची केवढी नाचक्की झाली असेल! बरोबर महिन्यानं, जुलैमध्ये, जेझुइटांचे खंदे पुरस्कर्ते योझेफ लोय यांना त्यांच्या अंथरुणातच गोळी घालण्यात आली. त्या मारेकऱ्याला मात्र शिक्षा चुकली नाही. जानेवारी १८४६मध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

भडका वाढतच गेला. लुझर्नसह सात कॅथलिक कँटनांनी आपली वेगळी युती केली, आणि १८४७च्या नोव्हेंबरात स्विस संघाच्या फौजेचे सेनापती द्युफूर यांनी ती महिन्याच्या आत मोडली. श्टायगर लुझर्नला परतले, सरकारात बसले.

सप्टेंबर १८४८मध्ये नवी संघराज्य घटना लागू झाली. नव्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे पहिले अध्यक्ष कोण? ऑक्सेनबाइन. ते मंत्रिमंडळात गेल्यावर दुसरे? श्टायगर. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर बंडाचा ठपका होता, ते दोघे एकापाठोपाठ एक त्या खुर्चीवर बसले.   

या नव्या राज्यघटनेची दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. कलम ५४ म्हणतं, राजकीय गुन्ह्यासाठी देहदंड देता येणार नाही. हे वाचताना त्या सभागृहात श्टायगर यांची आठवण कुणाला झाली नसेल, असं मला वाटत नाही. कलम ५८ मात्र जेझुइटांना देशभर बंदी घालतं. स्वतःच्या माणसांची मान वाचवताना जेत्यांनी विरोधकांच्या गुरूंना हद्दपार केलं. एवढ्या शहाण्या घटनेत हा सूड कशाला हवा होता?

श्टायगर १८५२पर्यंत संसदेत होते. वनस्पतींचा नाद त्यांना जुना. १८६०मध्ये लुझर्न कँटन, रिगी आणि पिलाटुस या डोंगरांवरच्या झाडाझुडपांची त्यांनी केलेली नोंद ग्रंथरूपानं छापली गेली. १८६२मध्ये ते वारले. १८७४च्या घटनेनं देहदंड सरसकट बंद केला होता; १८७९मध्ये कँटनांना तो पुन्हा आणायची मुभा मिळाली, लुझर्ननं तो आणलाही. पण राजकीय गुन्हे वगळूनच. जेझुइटांवरची बंदी उठायला मात्र १९७३चं सार्वमत यावं लागलं.