तरोट्यापासून तेंदूपर्यंत: नागपूरच्या फुलपाखरांचं वर्ष

जुलै महिना. पाऊस एकदाचा नीट बसला की नागपुरात जिथे जिथे मोकळी माती आहे तिथे तरोटा उगवतो. सेमिनरी हिल्सच्या पायवाटेच्या कडेला, अंबाझरीच्या मागे, हिंगण्याकडे जाताना रिकाम्या पडलेल्या प्लॉटवर, सगळीकडे. आता या तरोट्यावर जे छोटंसं पिवळं फुलपाखरू फिरतंय ना, ते नीट बघा. हे आहे कॉमन ग्रास यलो. ते फुलं शोधत नाहीये, कारण तरोट्याला अजून फुलं आलेलीच नाहीत. ही मादी आहे अन् ती एकेका पानावर पाय टेकवून बघतेय. फुलपाखराला चव पायांनी कळते. पान बरोबर आहे अशी खात्री पटली की ती तिथे एक अंडं चिकटवते अन् पुढच्या पानावर जाते.

फुलपाखरं बघायची म्हटलं की लोक बगिच्यात जातात, फुलांसमोर उभे राहतात, चारदोन फोटो काढतात. ते छानच आहे, पण ज्याला वर्षभर फुलपाखरं बघायची आहेत त्याने आधी पानं ओळखायला शिकावं. कुठल्या महिन्यात कुठलं झाड कोवळं होतं हे कळलं की कुठलं फुलपाखरू कुठे असेल याचा अंदाज घरबसल्या येतो. आणि बघण्यासारखं इथे खूप आहे! २००९ साली आशिष टिपले आणि अरुण खुराद यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नागपूर शहर आणि आसपासच्या भागातल्या १४५ जाती नोंदवलेल्या आहेत. एका तापट, कोरड्या शहरासाठी हा आकडा मोठाच म्हणायचा.

आता थोडं शहराबाहेर, काटोल-कळमेश्वरकडे. संत्र्याचा पट्टा. मृगाच्या पावसावर संत्र्याला नवती फुटते, म्हणजे ती पोपटी, मऊ, हाताला गार लागणारी पानं, आणि या नवतीवर लाइम बटरफ्लाय तुटून पडतं. काळ्या अंगावर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखावर एक विटकरी डाग, उडतं ते सरळ अन् वेगात. याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट, त्यावर पांढरा पट्टा, म्हणजे खाणाऱ्याला ती खाण्यासारखी वाटूच नये. मोठी झाली की हिरवीगार होते आणि तिला डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर काढते, त्याचा असा उग्र वास येतो की मुंग्यासुद्धा मागे सरतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळा खेळ साधारण महिन्याभरात आटोपतो.

शेतकऱ्यासाठी ही अळी म्हणजे कीड, आणि नर्सरीतल्या लहान कलमांचं ती खरंच नुकसान करते, त्यामुळे त्याचा राग समजू शकतो. पण आपल्या अंगणात गोडनिंब असतो, लिंबू असतं, बेल असतो, तिथे फवारणी कशाला? गोडनिंबाची चार पानं खाल्ली गेली तर झाडाचं काहीही बिघडत नाही, पुन्हा फुटतात. त्याच गोडनिंबावर कॉमन मॉरमॉनही अंडी घालतं. सोसायटीच्या कंपाउंडला लागून उंच, सरळ अशोकाची जी रांग असते तिच्यावर टेल्ड जे, कुंडीतल्या पानफुटीवर रेड पिअरो, ज्याची अळी तर चक्क पानाच्या आत शिरून आतला गर खात वाढते. म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यालाही सबब नाही.

रुईबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. शनिवारी मारुतीला हार करायला रुईची पानं तोडतो ना आपण, पुढच्या वेळी तोडण्याआधी पान उलटं करून बघा. काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या शेपट्यांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत अन् ते अगदी निवांत उडतं. ही गोष्ट डनाइड एगफ्लायच्या मादीच्या इतकी पथ्यावर पडलीये की तिने सगळा रंगच प्लेन टायगरचा घेतलाय, तिच्या अंगात विष नाही तरी. नर बघाल तर काळाभोर, पांढरे मोठे ठिपके, वाटणारच नाही की ही जोडी आहे. ओळखायचं कसं? मागच्या पंखावर बघा. प्लेन टायगरला मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. आणि ती अंडी कुठे घालते, तर घोळीवर, तीच आपली भाजीची घोळ.

सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे भर सीझन. गोरेवाड्याकडे, रामटेकच्या आसपास, कुठल्याही ओढ्याच्या ओल्या रेतीवर एमिग्रंट अन् इतर फुलपाखरं घोळक्याने बसलेली दिसतात. हे बहुतेक नर असतात. ओल्या मातीतलं मीठ अन् क्षार ते शोषून घेतात अन् मीलनाच्या वेळी ते मादीला देतात, अंड्यांच्या कामी येतं. वाळत आलेल्या खुळखुळ्याच्या झुडपावर ब्लू टायगर लटकलेले दिसले तर तिथून हलू नका, तासभर सहज जातो.

थंडीत एकच चूक लोक करतात, पहाटे सहाला निघतात. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेलेला असताना फुलपाखरू उडूच शकत नाही, आधी पंख उघडून ऊन खावं लागतं. नऊ-साडेनऊनंतर जा. आंब्यावर बांडगूळ असेल तर मान वर करून बघा, तिथे हळदीकुंकू म्हणजे कॉमन जेझबेल फिरत असतं, त्याच्या अळ्या बांडगुळावरच वाढतात. आणि संध्याकाळी पाचोळ्यात पाय जपून टाका. कॉमन इव्हनिंग ब्राउन तिथेच बसलेलं असतं. पावसाळ्यात त्याच्या पंखाखाली ठळक डोळे दिसतात, कोरड्या दिवसांतली पिढी मात्र वाळल्या पानासारखी, डोळे जवळपास पुसलेले. जात तीच, रूप ऋतूप्रमाणे वेगळं. मला विचाराल तर नागपुरातलं सगळ्यात जबरदस्त फुलपाखरू हेच आहे, रंग नसला तरी.

मार्चपासून संख्या उतरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी लवकर किंवा सावलीतच काही मिळालं तर मिळालं. पण याच दिवसांत तेंदूच्या जंगलात जमिनीलगत तरंगत जाणारं केशरी-तांबडं बॅरोनेट दिसू शकतं, त्याच्या अळ्या तेंदूच्याच पानांवर वाढतात.

फोटो काढताना एक करा, पंख उघडलेला एक आणि मिटलेला एक, दोन्ही घ्या, कारण कित्येक जातींची ओळख पंखाच्या खालच्या बाजूवरच पटते. आणि मादी अंडी घालताना दिसली तर फुलपाखराआधी त्या झाडाचा फोटो घ्या, पान, देठ, खोड सगळं, मग तारीख अन् जागा लिहून ठेवा.