रोकबीच्या उघड्या दारात

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत गुलामगिरीतून पळालेल्या माणसांच्या गोष्टी निघाल्या, की तळघरं, चोरदारं आणि मध्यरात्रीचे कंदील आलेच. आज मी तुम्हांला नेणार आहे व्हरमाँट राज्यातल्या फेरिसबर्ग गावी, रोकबी नावाच्या शेतघरात. हे घर क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबाचं. इथं असलं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच हे घर मला मोठं वाटतं.

१७९३ साली ऱ्होड आयलंडहून आलेल्या रॉबिन्सन कुटुंबाच्या चार पिढ्या इथं नांदल्या. घर चाललं मेरिनो मेंढ्यांच्या लोकरीवर. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वराचा उजेड असतो, ही क्वेकरांची श्रद्धा. रोलंड आणि रेचेल या जोडप्यानं ती शब्दशः पाळली. गुलामांच्या घामातून आलेला माल रेचेल टाळत असे. कापूस आणि साखर रोज लागणाऱ्या घरात हे व्रत किती अवघड, ते घर चालवणाऱ्यांनाच कळेल!

या कुटुंबानं जपलेली पत्रं आजही आहेत. जानेवारी १८३७ मध्ये ऑलिव्हर जॉन्सन हे गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते पेन्सिल्व्हेनियातून रोलंडला लिहितात गुलामगिरीतून पळालेल्या सायमनबद्दल. वय २८, विश्वासू, शेतातली बहुतेक कामं येतात, घोडे उत्तम हाकतो. वाचताना वाटतं, कुणी ओळखीतल्या कष्टाळू माणसासाठी काम शोधतंय. आणि होतंही तसंच. गुलाम ठेवणारी राज्यं इथून फार दूर. पकडायला माणसं इतक्या लांब सहसा येत नसत. त्यामुळे पळून आलेल्यांना दडवून ठेवायची गरज नव्हती. ते दिवसाढवळ्या शेतात राबत आणि मजुरी घेत. जन्मभर फुकट राबलेल्या हाताला पहिली मजुरी मिळते, तेव्हा काय वाटत असेल?

जेसी त्यांच्यातलाच एक. तो कमावत होता, पण कायद्यानं अजूनही नॉर्थ कॅरोलिनातल्या मालकाची मालमत्ता होता. त्याला हवी होती लेखी सुटका. मग रोलंडनं त्या मालकाशीच पत्रव्यवहार केला. किंमत सांगा, म्हणाला. माणसाची किंमत विचारायची, हे त्या क्वेकराला किती जड गेलं असेल!

उत्तर आलं: तीनशे डॉलर.

जेसीनं साठवले होते दीडशे. रोलंडनं ते कळवून पुन्हा विनंती केली. मालक तीनशेच्या खाली उतरला नाही.