पोपायच्या पाठीतली जपानी चावी

चावी दिली की हा पत्र्याचा छोटा रणगाडा थोडा पुढे सरकतो, आणि खालचा पोपाय त्याला चक्क उलटा करतो. सरळ झाला की पुन्हा उलटा. स्प्रिंग संपेपर्यंत दोघांचं हेच चालू.

पोपाय हा कार्टून खलाशी अमेरिकेचा; 1929 साली तिथल्या वर्तमानपत्रातल्या चित्रकथेत आलेला. खेळण्यावर मात्र शिक्का जपानचा, आणि नाव लाइनमार. न्यूयॉर्कची लुई मार्क्स कंपनी जपानमध्ये खेळणी करून घ्यायची, ती या नावानं. पोपाय, मिकी, डोनाल्ड आणि पुढे फ्लिंटस्टोन मंडळी, या सगळ्यांची लाइनमारची पत्र्याची अंगं घडवली ती जपानी कारागिरांनी.

युद्धानंतर जपानी खेळण्यांची सुरुवात कशी झाली? दुसरं महायुद्ध हरल्यावर काही महिन्यांतच, डिसेंबर 1945 मध्ये, ओत्सू शहरात मात्सुझो कोसुगे यांनी अमेरिकन सैन्याच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून खेळण्यातली जीप बनवली. क्योतोतल्या दुकानात ती 10 येनला विकली गेली. गाडी जेत्यांची, पत्राही जेत्यांचाच!

आता अशा खेळण्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. हा रंगवलेला नाही, छापलेला आहे, तोही पत्रा सपाट असताना. छापून झाल्यावर पत्रा साच्यात दाबला जातो. गाल फुगतात, नाक पुढे येतं. दाबताना पत्रा ताणला जातो, म्हणून डोळे कुठे छापायचे हे त्या ताणाचा अंदाज घेऊनच ठरवावं लागतं. चुकलं तर मिकी तिरळा. मला तरी या खेळण्यातली खरी कारागिरी इथेच दिसते. आतली दातेरी चाकं त्यानंतर.

जपानी मुलांचे स्वतःचे नायक पत्र्यात उतरले ते मुख्यतः 1963 नंतर. त्या वर्षी आधी आटम हा यंत्रमानव मुलगा आणि मग तेत्सुजिन 28 हा महाकाय यंत्रमानव टीव्हीवर आले, आणि नोमुरासारख्या खेळण्यांच्या कंपन्यांनी चावीचे तेत्सुजिन बाजारात आणले. पुढे प्लास्टिकनं पत्र्याला हटवलं. तेरुहिसा किताहारा यांनी 1986 साली योकोहामात पत्र्याच्या खेळण्यांचं संग्रहालय उघडलं, तोवर ही खेळणी जुन्या बाजाराची झाली होती.

संग्राहक सगळ्यात आधी बघतो ते जोड. दोन्ही अर्धी अंगं पत्र्याच्या छोट्या जिभा खाचेत घालून, मागे वळवून जोडलेली असतात. जिभेवर ओरखडे दिसले की समजायचं, कुणीतरी खेळणं उघडलंय. मग गंज, मग खोका. खोक्याला कधी कधी खेळण्याइतकाच भाव येतो, हे जरा अतीच आहे. पण बाजार तसा आहे.

आणि सुटे भाग. लाइनमारच्या एका मिकीची शेपटी चावी दिल्यावर गरगर फिरते. विकणाऱ्यानं त्याचे सगळे फोटो समोरूनच काढले असतील, तर पैसे पाठवण्याआधी पाठीचा एक फोटो जरूर मागवा.