बेसच्या पोटातलं आधी काय बदलायचं?

(बेस वाजवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बेस गिटारचं इलेक्ट्रॉनिक्स अपग्रेड करायचं तर सुरुवात कुठून करावी, असा विषय मला दिलाय. विषय देणाऱ्याच्या डोक्यात पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबक आणि कॉइल, होते, हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवरही आत्ता पिकअपच असणार, कार्टमध्ये टाकून ठेवलेले. तासभर ते तिथेच राहू द्या.

बोलायला एखादं वाद्य समोर हवं, म्हणून जॅझ बेस घेऊ. फेंडरने तो १९६० साली काढला आणि आज दुकानात मिळणारे कितीतरी स्वस्त बेस त्याच नमुन्यावर बेतलेले असतात. दोन सिंगल कॉइल पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन, केबल लावायचा एक जॅक. आत तीन पॉट (नॉबखालचे, फिरवून रोध कमी-जास्त करणारे भाग), एक कॅपॅसिटर आणि थोडी तार. बॅटरी नाही. यातलं काय आधी बदलायचं हे वस्तूच्या किमतीवरून ठरत नाही, तक्रारीवरून ठरतं. आणि ‘आवाज भारी हवा’ ही तक्रार नव्हे. दुरुस्तीला आलेल्याला मी खोदून खोदून विचारतो, तेव्हा शेवटी चारातलं एक काहीतरी निघतं: खरखर होते, घूं घूं येतं, सूर बद्द लागतो, नाहीतर बँडमध्ये बेस ऐकूच जात नाही.

खरखर सगळ्यात सोपी, म्हणून ती आधी उरकू. जॅझ बेसची कंट्रोल प्लेट तीन स्क्रूंवर असते आणि जॅकही त्याच प्लेटवर. केबल लावता-काढता जॅकचा नट सैल होतो, मग केबलबरोबर अख्खा जॅकच फिरायला लागतो. आतली तार प्रत्येक वेळी थोडी पिळली जाते आणि एक दिवस सोल्डरपाशी तुटते. पूर्ण तुटली तर बरं, कारण आवाज बंद होतो आणि कळतं. अर्धवट तुटली की प्रोग्रॅमच्या मधोमध आवाज जातो, परत येतो आणि माणूस ॲम्पला शिव्या घालत बसतो. नट आवळताना आतून जॅक बोटांनी धरून ठेवायचा, नाहीतर तुम्हीच तार पिळाल. जॅकची पट्टी सैल असेल तर बोटाने किंचित आत वाकवा. गंजली असेल तर जॅकच बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून मुंबई-कोकणात, जॅक आणि पॉट लवकर खराब होतात. पॉट फिरवताना खरखर होत असेल तर आधी इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात तेच पॉट पुन्हा माझ्याकडे येतं.

आता घूं. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात, कारण एकाच नावाखाली तीन वेगळे आजार असतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे हे घूं त्या जीपेक्षा जरासं चढं वाजत असतं. खर्जातला जी वाजवल्यावर ‘ट्युनिंग बिघडलंय का’ असं वाटलं, तर आधी हात तारांवर ठेवून ॲम्प नुसता ऐका. मागे काहीतरी गात असेल.

ते काय गातंय हे ओळखायला पैसे लागत नाहीत. बेस गळ्यात घालून ॲम्पसमोर उभे राहा आणि सावकाश गोल फिरा. फिरताना घूं कमी-जास्त झालं तर पिकअपची कॉइल आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडते आहे. त्याला तांब्याच्या पट्टीचं शिल्डिंग, म्हणजे गोंगाट अडवणारं अस्तर, काही करू शकत नाही. मात्र दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे केल्यावर ते गेलं, तर तुमचे दोन पिकअप एकमेकांना उलटे गुंडाळलेले आहेत आणि मिळून घूं खाऊन टाकतायत. एक व्हॉल्यूम जरा खाली आणला की ते परत येणार. हा दोष नाही, त्या रचनेचा स्वभाव आहे. एकेकटा पिकअपही शांत हवा असेल तर आत दोन कॉइल असलेले, घूं मारणारे जॅझ पिकअप मिळतात. पिकअप आधी बदलायचं हे खरं कारण.

दुसरी चाचणी. घूंपेक्षा कर्कश, झिणझिणणारा आवाज येतोय, आणि ब्रिजला, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीला, किंवा तारांना हात लावला की तो थांबतो. याचा अर्थ ब्रिजची अर्थिंगची तार शाबूत आहे आणि तुमच्या शरीराने पकडलेला गोंगाट ती खाली नेते आहे. इथे शिल्डिंगचा उपयोग होतो. पिकअपच्या आणि कंट्रोलच्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावायची, तुकडे एकमेकांवर चढवायचे, जोडावर मल्टिमीटर लावून शून्याजवळ ओहम येतोय का पाहायचं आणि सगळं अर्थिंगला जोडायचं. अर्थिंगला न जोडलेली पट्टी म्हणजे नुसती सजावट. अशी दिवाणखान्यातली सजावट मी भरपूर पाहिली आहे.

तिसरा आजार बेसमध्ये नसतोच. मांडवात जनरेटर, लाइटचे डिमर, दोन पिनांचा ॲडाप्टर लावून जोडलेला ॲम्प. अर्थिंगच नाही. गाताना माइकला ओठ लागला आणि झिणझिणी आली असेल, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ही गंमत नाही, माणूस मरू शकतो. तिसरी पिन कधीही मोडू नका, आणि सॉकेट तपासणारा साधा टेस्टर गिटारच्या बॅगेत ठेवा. घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना गोंगाट असेल तर चार्जर काढून बघा. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

आता बद्दपणा. याचं पहिलं औषध तारा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. सहा महिने घामात आणि दमट हवेत मुरलेल्या तारांवर नवा पिकअप लावला तर तो मेलेल्या तारांचा आवाज अगदी इमानेइतबारे ऐकवेल. तसं मेलेला आवाज हवा असेल तर तीही आवड आहे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन जुन्या फ्लॅटवूंड, म्हणजे गुळगुळीत, तारा बदलायला राजी नसत आणि फेंडरच्याच प्रिसिजन बेसवर वाजवत. पण तो त्यांनी निवडलेला आवाज होता.

दुसरं, पिकअपची उंची. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि पिकअपच्या खांबापासून तारेपर्यंतचं अंतर मोजायचं. जाड तारेखाली साधारण तीन मिलिमीटर, बारीक तारेखाली अडीच, इथून सुरुवात करा. कान सांगेल तसं पाव-पाव वळसा फिरवा. फार वर आणलं तर चुंबक तारेला ओढतं आणि वरच्या पडद्यांवर सूर हलतात.

आता मल्टिमीटर काढा, बेस उघडायची गरज नाही. केबल बेसला लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मीटरची टोकं धरा. एक व्हॉल्यूम पूर्ण, दुसरा शून्य. चांगल्या जॅझ पिकअपला सात-आठ किलोओहमच्या आसपास आकडा येतो. दोन्ही पूर्ण उघडले की तो निम्म्यावर येतो. एकावर सव्वाशे किलोओहमसारखं काहीतरी दिसलं तर त्या पिकअपची कॉइल कुठेतरी तुटली आहे आणि मीटर फक्त दोन पॉट मोजतंय. अशा वेळी पिकअप बदला, खुशाल बदला.

तो ठीक निघाला तर पॉटकडे या. फेंडरच्या परंपरेत सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचं पॉट वापरतात. जॅझ बेसमध्ये दोन्ही व्हॉल्यूम समांतर येतात, म्हणजे उघडे असताना पिकअपवर ओझं १२५ किलोचं, टोनचं वेगळं. त्यात स्वस्त पॉटची खरी किंमत लिहिलेल्यापेक्षा बरीच कमी भरली की वरचे सूर तिथेच गळतात. शिवाय बी लिहिलेलं पॉट असेल तर बराच फिरवेपर्यंत फरक जाणवत नाही आणि शेवटी एकदम आवाज पडतो. ए, म्हणजे ऑडिओ टेपरचं घ्या. माझ्या मते बिनतक्रारीच्या स्वस्त बेसवरही पहिला खर्च करायचा तर तो इथे: तीन चांगली पॉट, एक चांगला जॅक. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील. फक्त दांड्याची जाडी आणि प्लेटचं भोक मोजून जा. बरेच स्वस्त बेस छोट्या पॉटसाठी भोक पाडलेले असतात, मग कानस हातात घ्यावी लागते.

कॅपॅसिटरबद्दल दोन वाक्यं. त्याच्यावर ४७३ लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. साधा पॉलिएस्टर चालतो, तेलात बुडवलेल्या कागदाचा म्हणून दहापट पैसे देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

सोल्डर मारताना मात्र पंचवीस वॅटचं खेळणं वापरू नका. पॉटची पाठ उष्णता पिऊन टाकते, तुम्ही मिनिटभर टोक टेकवून बसता आणि आतला कार्बनचा थर भाजतो. पाठ पॉलिशपेपरने खरवडा, पन्नास-साठ वॅटचं घ्या, तीन-चार सेकंदांत काम संपवा.

उरली चौथी तक्रार: बँडमध्ये ऐकू जात नाही. इथेच प्रीॲम्प, म्हणजे बेसच्या आत बसणारा बॅटरीवरचा छोटा ॲम्प, विकला जातो. ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झ. छोट्या हॉलच्या स्पीकरमधून तो धड निघतही नाही, आपण ऐकतो ते वरचे उपसूर. आणि माणूस काय करतो, तर प्रीॲम्प बसवून बास, म्हणजे खालचे सूर, वाढवतो. ॲम्प दमतो, बास ड्रमशी मारामारी होते, बेस आणखी मागे जातो. हवे असतात ते मधले सूर, २०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातले. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असताना नेमके त्यातलेच काही एकमेकांना खातात. त्यामुळे आधी पुढचा व्हॉल्यूम थोडा कमी करून पाहा. बेसवादक जॅको पास्टोरियस १९६२च्या जॅझ बेसवर मागच्याच पिकअपवर भर देत. मग ॲम्पवर मिड वाढवा. पिकअपमधूनच ते सूर निघत नसतील तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रीॲम्पला माझा विरोध नाही. म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ साली तो आत घेऊनच आला. बेसवादक मार्कस मिलर यांच्या १९७७च्या जॅझ बेसमध्ये न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोस्की यांनी प्रीॲम्प बसवला. रोज वेगळ्या स्टुडिओत, वेगळ्या मिक्सरला बेस जोडणाऱ्याला तो सोयीचा पडतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात बेस थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसतात. त्या इनपुटचं ओझं बहुधा दहा किलोओहमच्या घरात, आणि पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसचे वरचे सूर तिथेच मरतात. प्रीॲम्प लावल्यावर आवाज ‘खुलला’ असं वाटतं ते म्हणून. पण तेच काम ॲक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे बेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायची विजेवरची डबी, करतो, आणि तो तुमच्या पुढच्या बेसलाही चालतो. मी आधी डीआय घेईन.

(प्रश्न: माझा बेस आधीपासून ॲक्टिव्ह आहे आणि हळूहळू आवाज फाटायला लागलाय. प्रीॲम्प बदलू का?)

नऊ व्होल्टची बॅटरी बदला. बॅटरीचं एक टोक जॅकमधूनच जोडला जातो, त्यामुळे केबल लावून ठेवली की वाद्य रात्रभर चालूच राहतं.

(प्रश्न: सगळं तपासून झालं आणि तरीही पिकअप बदलायचेच असतील तर?)

मग बदला, हौसेला मोल नाही. मात्र जॅझ बेसचा मागचा पिकअप बऱ्याचदा पुढच्यापेक्षा थोडा लांब असतो आणि काही नकलांमध्ये दोन्ही सारखे असतात, तेव्हा मागवण्याआधी खोबणी मोजा. जुन्या तारा काढण्याआधी आतला फोटो काढा. आणि जुने पिकअप तारा न कापता, सोल्डर वितळवूनच सोडवा. बेस विकायची वेळ आली की नवे पिकअप काढून जुने परत घालता येतात. अपग्रेड केलेल्या स्वस्त बेसचे जास्त पैसे कुणी देत नाही, पण नवे पिकअप सुटे विकले जातात.