तुटलेल्या देठाची गोष्ट : माशाच्या मेंदूतील संप्रेरक स्रवणाऱ्या चेतापेशी

मित्रहो, रोहूच्या कवटीचा वरचा पातळ भाग कापून मेंदू हलक्या हाताने उचलला, की तळाशी हाडाच्या खळग्यात ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, पांढुरकी पीयूषिका ग्रंथी राहिलेली दिसते. आपल्यापैकी जे नाथसागरावर मासेमारी करणाऱ्या घरांतून आले आहेत, त्यांनी अशी डोकी शेकड्यांनी पाहिली असतील. मेंदू उचलताना ग्रंथीचा नाजूक देठ तुटतो, आणि मला आज त्या देठाविषयीच बोलायचे आहे.

देठात असतात ते हायपोथॅलॅमसमधील, म्हणजे पीयूषिकेच्या लगेच वरच्या मेंदूच्या भागातील, चेतापेशींचे अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारे लांब धागे. आपल्या शरीरात पीयूषिकेला तिचा स्राव सोडायला लावणारी हायपोथॅलॅमसची संप्रेरके छोट्या रक्तवाहिन्यांतून पीयूषिकेच्या अग्रभागापर्यंत जातात. अस्थिमत्स्यांमध्ये मात्र हे तंतू थेट ग्रंथीतच शिरतात, त्यामुळे कोणती पेशी कोणाला काय सांगते हे माशात अधिक उघडपणे पाहता येते. 1928 साली एर्न्स्ट शारर यांनी एका लहान गोड्या पाण्यातील माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या चेतापेशींचे वर्णन केले, तेव्हा अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. चेतापेशीने संदेश न्यावा आणि ग्रंथीने स्राव करावा, ही विभागणी मनात इतकी घट्ट होती. पुढे क्रोम-अ‍ॅलम हिमॅटॉक्सिलिन या रंगद्रव्याने पेशीतील स्राव निळसर-जांभळा रंगू लागला. तुम्ही सूक्ष्मदर्शकातून पाहाल तेव्हा पेशीच्या पोटात त्याचे बारीक कण, आणि अक्षतंतूवर मण्यांसारखे फुगवटे दिसतील. माल पेशीत तयार होतो, तंतूतून वाहतो आणि टोकाशी साठतो.

पण साठलेला माल केव्हा सुटतो? रंगवलेल्या पातळ कापाला हे उत्तर देता येत नाही, कारण त्यातली पेशी मेलेली असते. 1964 मध्ये एरिक कँडेल यांनी गोल्डफिशच्या अशा पेशींत काचेचा अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड घालून विद्युत विभव मोजला. पेशी नेमकी हीच हे ओळखण्यासाठी त्यांनी पीयूषिकेकडच्या टोकाला विजेचा झटका दिला आणि तो तंतूवरून उलटा पेशीपर्यंत पोहोचतो का ते पाहिले. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. पत्ता शोधण्यासाठी त्यांनी तंतूचे दुसरे टोक धरले. या स्रावी पेशी इतर चेतापेशींसारखेच आवेग, म्हणजे विजेचे क्षणिक स्पंद, निर्माण करतात, आणि शेजारच्या पेशींना रोखून धरण्याची व्यवस्थाही त्यांच्यात असते, असे त्यातून दिसले.

आवेग टोकाशी पोहोचला की पेशीपटलातील कॅल्शियमची द्वारे उघडतात, कॅल्शियम आत येते आणि स्रावाच्या पिशव्या पटलाला चिकटून फुटतात. एखादा एकटा आवेग थोडेच सोडतो; आवेगांचे झुपके आले तर स्राव भरभरून होतो. म्हणून पेशी किती वेळा 'बोलते' याइतकेच ती कोणत्या लयीत बोलते हेही महत्त्वाचे आहे. माशाच्या शेपटीकडील मेरुरज्जूतल्या डाहलग्रेन पेशीही अशाच; फ्लाउंडर माशात त्या कधी एकसारखे, तर कधी झुपक्यांनी आवेग सोडतात.

हे आपल्या तळ्यापाशी कसे येऊन भिडते ते पाहा. रोहू, कटला, मृगळ हे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे. साठवण तलावाच्या संथ पाण्यात, त्यातून आपल्या मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या प्रदेशात, त्यांची अंडाशये भरतात, पण अंडी सुटत नाहीत. 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून या गटातील मासे प्रजननास प्रवृत्त केले. म्हणजे तुटलेल्या देठाखालची ग्रंथीच त्यांनी कामाला लावली. पुढचा टप्पा देठाच्या वर गेला. आजच्या इंजेक्शनात हायपोथॅलॅमसच्या संप्रेरकाचे कृत्रिम रूप असते आणि त्याच्या जोडीला डोपामिन या रसायनाचा परिणाम रोखणारे डोम्पेरिडोन हे औषध, कारण कार्प माशांत डोपामिन स्रवणाऱ्या दुसऱ्या चेतापेशी पीयूषिकेला सतत आवरून धरतात. एक घटक हाक देतो, दुसरा ते आवरणारे हात सैल करतो, आणि संध्याकाळी टोचलेली मादी पहाटेच्या सुमारास हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, अंडी सोडते.