अंत्यविधीच्या व्यवसायात व्यासपीठावर कोण उभे राहते?

श्रोतेहो,

कोणत्याही व्यवसायाची परिषद भरली की तिच्या कार्यक्रमपत्रिकेवरून एक गोष्ट हमखास कळते, ती म्हणजे तो व्यवसाय कोणाचे ऐकतो. डॉक्टरांच्या परिषदेत औषध कंपनीचा माणूस कितव्या क्रमांकावर बोलतो आणि शेतकरी मेळाव्यात शेतकऱ्याच्या हाती माइक किती वाजता येतो, हे आपण सारे जाणतो. आज मी ज्या व्यवसायाविषयी बोलणार आहे, तो आपल्याकडे व्यवसाय म्हणून अजून धड उभा राहिलेला नाही. अमेरिकेत मात्र तो चांगला जुना आणि संघटित आहे. मृतदेह घरून किंवा रुग्णालयातून हलवणे, दाखले मिळवणे, शवपेटी, दर्शनाची वेळ, वर्तमानपत्रातली बातमी आणि शेवटी दफन किंवा दहन, हे सगळे मोबदला घेऊन पार पाडणाऱ्या माणसाला तिथे ‘फ्युनरल डायरेक्टर’ म्हणतात. बहुतेक राज्यांत त्याला शिक्षण, उमेदवारी आणि परवाना लागतो. या मंडळींच्या परिषदांत कोणाला बोलावले गेले आणि कोणाला नाही, या एका धाग्याने मला त्यांचा इतिहास सांगायचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत मृत्यू ही घरचीच बाब होती. घरातल्या आणि शेजारच्या बायका देह धूत, गावचा सुतार पेटी ठोकून देई आणि तबेलेवाल्याकडून घोडागाडी येई. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये यांच्यातल्या यादवी युद्धाने हे चित्र बदलले. दक्षिणेतल्या रणभूमीवर पडलेल्या मुलाचा देह उत्तरेतल्या आपल्या गावी यावा, असे शेकडो मैलांवरच्या आईबापांना वाटू लागले आणि त्यासाठी देह टिकवण्याचे तंत्र, म्हणजे एम्बामिंग, पुढे आले. मानेजवळची रोहिणी उघडून तिच्यातून रसायन आत सोडायचे आणि नीलेतून रक्त बाहेर काढायचे, ही त्यातली मूळ कृती. थॉमस होम्स या एम्बामरने १८६१ मध्ये, युद्धाच्या आरंभीच मारले गेलेले उत्तरेच्या सैन्यातले कर्नल एल्सवर्थ यांच्या देहावर ती केली आणि त्याचा बोलबाला झाला. १८६५ मध्ये लिंकन यांचा देह वॉशिंग्टनहून इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डपर्यंत रेल्वेने, ठिकठिकाणी दर्शनासाठी थांबत, सुमारे दोन आठवडे प्रवास करत गेला. मृत माणसाचा चेहरा इतके दिवस ‘पाहण्याजोगा’ राहू शकतो, हे लाखो लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. कोणत्याही जाहिरातीला जमले नसते ते काम त्या गाडीने केले.

१८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर येथे या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना जन्मली. त्याच वर्षी जोसेफ क्लार्क नावाच्या, शवपेट्यांचा विक्रेता असलेल्या गृहस्थाने सिनसिनाटीत एम्बामिंगची शाळा सुरू केली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की त्या काळी शिकवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे ध्यानात येते. ज्याच्याकडे पेटी विकायला होती आणि ज्याच्याकडे रसायनाची बाटली होती, तोच गुरू झाला. यात फसवणूकच होती असे मी म्हणणार नाही. कालपर्यंत खुर्च्या-पलंग करणाऱ्या माणसाला डॉक्टराच्या जवळपास जाणारी प्रतिष्ठा हवी होती आणि शरीररचना व रसायन यांच्या ज्ञानाने ती मिळत होती. मात्र ज्ञान आणि माल एकाच हाताने दिले गेले, आणि ही सवय पुढे कधी पूर्ण सुटली नाही. आजही अशा मोठ्या परिषदेला जोडून प्रदर्शनाचे दालन असते. त्यात झाकण अर्धे उघडलेल्या, आतून चुणीदार साटीन लावलेल्या पेट्या रांगेने मांडलेल्या असतात, गालिच्यावर नवी कोरी शववाहिनी उभी असते, मृताच्या त्वचेसाठी वेगळी बनवलेली प्रसाधने असतात आणि चिमूटभर राख भरून गळ्यात घालायची पदकेही असतात. व्याख्यान ऐकून बाहेर पडणाऱ्याची वाट या दालनातूनच जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर व्यासपीठावर एक नवा वक्ता आला. १९४२ च्या नोव्हेंबरात बोस्टनमधल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे दगावली. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने त्या आगीतून वाचलेल्यांचा आणि मृतांच्या आप्तांचाही अभ्यास करून १९४४ मध्ये शोकाच्या लक्षणांवर एक निबंध प्रसिद्ध केला. शोक दडपला तर तो आजाराच्या रूपाने वर येतो, त्याला वाट द्यावी लागते, हा विचार तिथून रुजला. पुढे १९६९ मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी शोकाचे म्हणून गाजलेले पाच टप्पे मांडले. ते टप्पे मुळात स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांविषयी होते, मागे राहिलेल्या नातेवाइकांविषयी नव्हते. पण अशा बारकाव्यांना सभागृहात फारसे कोणी विचारत नाही. मानसशास्त्र आणि धर्मोपदेश यांची सांगड घालून बोलणारे वक्ते अंत्यविधी व्यावसायिकांना फार आवडू लागले, कारण पेटीतला शांत, रंगवलेला चेहरा पाहिल्याने शोक हलका होतो, या व्यवसायाच्या जुन्या म्हणण्याला आता शास्त्राचा टेकू मिळाल्यासारखे वाटत होते. लिंडेमन यांनी एम्बामिंगची शिफारस केली नव्हती. त्यांच्या संशोधनातून ती आपसूक निघते असे भासवले गेले, इतकेच.

हा बुडबुडा एका बाहेरच्या बाईने फोडला. जेसिका मिटफर्ड यांचे ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हे पुस्तक १९६३ मध्ये आले आणि व्यवसायाला हादरा बसला. मला त्या पुस्तकात सर्वांत मार्मिक वाटते ती त्याची सामग्री. मिटफर्ड यांनी फारशी गुप्तहेरगिरी केली नाही. ‘कॅस्केट अँड सनीसाइड’सारखी या व्यवसायाची स्वतःची नियतकालिके वाचली आणि दुःखी कुटुंबाला महागड्या पेटीकडे कसे वळवावे याविषयी व्यावसायिक आपसात उघडपणे जे बोलत आणि लिहीत होते, ते वाचकांसमोर ठेवले. आपल्याच माणसांसमोर केलेले भाषण गिऱ्हाइकाने ऐकले तर काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

त्यानंतर पत्रिकेवर वकील आले. फेडरल ट्रेड कमिशन या, ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाने केलेला नियम १९८४ मध्ये अमलात आला. प्रत्येक सेवेचा आणि वस्तूचा वेगवेगळा दर लिहिलेले पत्रक अंत्यविधीची बोलणी सुरू होताच समोरच्याच्या हाती द्यायचे, फोनवर विचारले तरी दर सांगायचा, कायद्याची गरज नसताना एम्बामिंग सक्तीचे आहे असे सांगायचे नाही, अशी बंधने त्याने घातली. दुसरीकडून आणलेली पेटी नाकारता येणार नाही, ही तरतूदही नंतर पक्की झाली. ब्रिटनमध्ये प्रमाणित दरपत्रक लावण्याचे बंधन यायला २०२१ साल उजाडले. कागदाचा एक तुकडा, त्यावर दोन रकाने. पण घरात मृत्यू झाल्याच्या दिवशी भाव विचारणे कमीपणाचे वाटणाऱ्या माणसाला या कागदामुळे न विचारताच उत्तर मिळते. अशा परिषदांतल्या सगळ्या भाषणांपेक्षा या दरपत्रकाने सामान्य कुटुंबाचे अधिक भले केले, असे माझे मत आहे.

व्यवसायाचे अंतरंग मात्र कायद्यापेक्षा अग्नीने अधिक बदलले. १९६० च्या सुमारास अमेरिकेत शंभरांतील चार जणांचेही दहन होत नव्हते. २०१५ मध्ये दहनाचे प्रमाण दफनाच्या पुढे गेले. पेटीचा धंदा आटला आणि परिषदेतले विषय बदलले. त्यात २००२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या नोबल या गावी एका दहनगृहाच्या आवारात न जाळता टाकून दिलेले ३३४ मृतदेह सापडले, आणि काही कुटुंबांना राख म्हणून सिमेंटची भुकटी दिली गेल्याचे उघड झाले. तेव्हापासून देहाबरोबर भट्टीत जाणारी आणि राखेबरोबर बाहेर येणारी क्रमांकाची धातूची चकती हा व्याख्यानाचा गंभीर विषय झाला. आता पाण्याने आणि मातीने देह विलीन करण्यावरही सत्रे असतात. वॉशिंग्टन राज्याने मानवी देहाचे कंपोस्ट करण्यास २०१९ मध्ये मान्यता दिली. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या देहासाठी अल्कलीयुक्त पाण्यात देह विरघळवण्याची पद्धत वापरली गेली. जपानमध्ये २०१७ साली टोकियोतल्या प्रदर्शनात ‘पेपर’ नावाचा रोबो भिक्षूची वस्त्रे घालून बौद्ध सूत्रे म्हणत उभा केला होता. वक्त्यांची टंचाई असल्याचे मी ऐकलेले नाही. तरी रोबोची सोय झाली आहे.

या इतिहासात एक दार फार काळ बंद होते. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय अंत्यविधी व्यावसायिकांना आपली वेगळी संघटना आणि वेगळ्या परिषदा उभाराव्या लागल्या. मृत चेहऱ्याचे दर्शन म्हणजे निव्वळ विक्रीची युक्ती, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी १९५५ चे शिकागो आठवावे. मिसिसिपीत गोऱ्यांनी मारलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलचा छिन्नविच्छिन्न देह घरी आला तेव्हा त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, पेटी उघडी ठेवायला लावली. चेहरा ‘पाहण्याजोगा’ करण्याच्या कलेवर पोसलेल्या व्यवसायातल्या एका माणसाने त्या मातेचे ऐकले आणि साऱ्या देशाला ते पाहावे लागले. शोकग्रस्त माणसाला विचारून निर्णय घेतला तर काय घडते, यावर या व्यवसायाने ऐकावे असे भाषण त्या बाई करू शकल्या असत्या.

आता आपल्याशी असलेला संबंध. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात मृत्यू होतो तेव्हा हीच सगळी यंत्रणा त्यांच्या वाट्याला येते. न्यू जर्सीसारख्या भारतीय वस्तीच्या भागात तिथल्या व्यावसायिकांनी बरेच शिकून घेतले आहे. मुलाने भट्टीचे बटण दाबणे हाच भडाग्नी, हे त्यांना आता समजावून सांगावे लागत नाही. अडचण येते ती दुसऱ्या टोकाला. तिथल्या पद्धतीत दहनानंतर उरलेल्या हाडांमधला धातू चुंबकाने वेचून काढतात, मग ती हाडे यंत्रात दळतात आणि करड्या रंगाची एकजीव पूड प्लॅस्टिकच्या डब्यात भरून देतात. ज्याने आपल्या आजोबांच्या अस्थी तिसऱ्या दिवशी स्मशानात बसून, दूध-पाणी शिंपून, एकेक करून सावडल्या आहेत, त्याला तो डबा हातात घेतल्यावर काय करावे ते सुचत नाही, कारण सावडायला काही उरलेलेच नसते. दळण्याआधी कुटुंबाला विचारावे, एवढे एक वाक्य परिषदेत कोणी हिंदू नातेवाईक दहा मिनिटांत सांगून जाईल.

आणि आपल्याकडे? इथे हा व्यवसाय सुताराच्या दुकानातून वाढला नाही. गावगाड्यात मरणाचा निरोप परगावी पोहोचवणे आणि सरणाची लाकडे वाहणे ही कामे महारांवर वतनाच्या नावाखाली लादलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महारवतनाविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. जे काम जन्माने लादले गेले, त्याची परिषद भरत नाही, त्यातल्या कौशल्याला कोणी कौशल्य म्हणत नाही आणि ते करणाऱ्याला हार घालून व्यासपीठावर बसवत नाहीत. मृत्यूवर बोलण्याचा मान आपल्याकडे कीर्तनकाराला आणि प्रवचनकाराला आहे, आणि ते आत्म्याविषयी बोलतात. देहाचे काय करायचे ते स्मशानातल्या कर्मचाऱ्याने मुकाट्याने पाहायचे असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह नेल्याची बातमी आली तेव्हा राज्यभर हळहळ झाली. त्या काळात दिवसरात्र दाहिन्या चालवणाऱ्यांना आपण कोविडयोद्धे म्हटले, पण तुम्हाला काय कमी पडले, असे त्यांना एखाद्या सभेत बोलावून विचारल्याचे मी तरी ऐकले नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका कंपनीने अंत्यसंस्कार सेवेचा स्टॉल लावला. सजवलेल्या तिरडीचे छायाचित्र मोबाइलवरून घरोघर फिरले आणि लोकांनी ‘आता हेही विकायला लागले’ म्हणून बोटे मोडली. मुले परदेशी आणि खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत, असे जिणे पुण्या-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांत आहे. तिथे ही सेवा वाढणारच, आणि आज ना उद्या तिची परिषदही भरेल. ती एखाद्या हॉटेलात भरेल आणि पहिले भाषण प्रायोजकाचे असेल, अशी माझी अटकळ आहे.

संयोजकांनी मला विचारले, तर पहिले सत्र मी विद्युतदाहिनी चालवणाऱ्या माणसाला देईन. देहावर घातलेली पॉलिस्टरची शाल आणि हारांतले प्लॅस्टिक यांचा धूर कसा होतो, दोन दहनांमध्ये किती वेळ जाऊ द्यावा लागतो, घाई करणाऱ्या नगरसेवकाला काय सांगायचे असते, हे त्याला ठाऊक आहे. शिवाय छातीत बसवलेला पेसमेकर तसाच आत गेला तर भट्टीत त्याचा स्फोट होतो, हे तो सांगेल. ब्रिटनमध्ये दहनापूर्वीच्या कागदपत्रांत असे काही शरीरात आहे का, हे नोंदवावेच लागते. आपल्याकडे ही गोष्ट घरच्यांना सांगण्याचे काम कोणाचे, डॉक्टरांचे, गुरुजींचे की स्मशानाचा पास देणाऱ्या कारकुनाचे, यावर दुसरे सत्र ठेवता येईल.