पार्किन्सन्स आणि समोरच्याचे मन

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा बाग कापणीला आला की व्यापारी बांधावर येतो, घडांवरून नजर फिरवतो आणि जाहीर भावापेक्षा कमी भाव सांगतो. शेतकरी नकार देतो, व्यापारी मोटारसायकलकडे वळतो, आणि तो खरोखरच निघाला आहे की भाव पाडून घेण्यासाठी निघाल्याचे दाखवतो आहे, हे शेतकऱ्याला त्याच्या चालीवरून आणि त्याने मागे टाकलेल्या एका नजरेवरून कळते. समोरच्याच्या मनात काय आहे, याचा अंदाज मेंदू असा क्षणार्धात बांधतो. आयुष्यभर असे सौदे केलेल्या माणसाला हे जड जाऊ लागले, तर घरचे म्हणतात, वय झाले. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, झालेल्या काही जणांत मात्र त्याचे मूळ आजारातच असते आणि ते आजाराच्या सुरुवातीलाही दिसू शकते.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या कंपवाताचे वर्णन केले, तेव्हा रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असे त्यांनी नोंदवले होते. पुढे दीर्घकाळ हात, पाय आणि चाल यांच्याकडेच लक्ष राहिले. या आजारात मध्यमेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. या डोपामिनवर चालणारी मेंदूतील वर्तुळे, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या पेशींच्या साखळ्या, अनेक आहेत. एक हालचाली सांभाळते, तर इतर काही मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेली असून निर्णय, भावना आणि माणसांची पारख यांत भाग घेतात. हाताला कंप सुटलेला असताना ही वर्तुळे अगदी निर्धोक राहतील, असे मानण्याला आधार नाही.

संशोधक हे तपासण्यासाठी रुग्णांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवतात. राग, भीती, दुःख, किळस अशा भावना ओळखताना अनेकांची गफलत होते. एखाद्या गोष्टीतील पात्र नकळत दुसऱ्याला लागेल असे बोलून जाते, तेव्हा नेमके काय चुकले हेही काहींना सांगता येत नाही. ‘त्याला काय वाटते’ यापेक्षा ‘त्याला काय माहीत आहे’ हे ओळखण्यात अडचण लवकर येते, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. सर्वांचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत, आणि प्रत्येक रुग्णाला हा त्रास होतोच असेही नाही.

घरात हे कसे दिसते? आखाजीला माहेरी आलेली लेक ओसरीवर पिशवी ठेवते. खाटेवर बसलेले वडील तिच्याकडे पाहतात, पण चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, पापण्या क्वचितच लवतात, आवाजही सपाट असतो. ती विचारते, ‘‘काय व्हयनं, नाना?’’ उत्तर येते, ‘‘काही नही.’’ तिचा चेहरा उतरतो आणि तो उतरल्याचे त्यांच्या लक्षात येत नाही. लेक मनात म्हणते, नानांना माझे येणे आवडले नाही. वास्तविक सकाळपासून ते तिचीच वाट पाहत होते. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्याने त्यांचा आनंद तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तिचे दुखावणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. नाते दोन्ही बाजूंनी झिजते. आपल्याकडे बोलण्यात टोमणा आणि आडवळण भरपूर, त्यामुळे ही झीज लवकर होते. ‘‘बदलले हो नाना’’ असे भाऊबंद म्हणू लागतात, लग्नकार्यात त्यांना विचारणे कमी होते, आणि मला हा अन्याय वाटतो.

म्हणून अशा माणसाशी आडून बोलू नये. वाईट वाटले तर ‘‘मला वाईट वाटले’’ असे सरळ शब्दांत सांगावे, चार जणांनी एकदम बोलू नये, आणि निर्विकार चेहऱ्यावरून मनाचा अंदाज बांधण्यापेक्षा त्यांनाच विचारावे. या आजारात नैराश्यही पुष्कळ आढळते आणि त्यावर उपचार होतात, त्यामुळे गप्प राहणे चेहऱ्यामुळे आहे की मन खचल्यामुळे, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. जळगावला किंवा धुळ्याला दाखवायला नेताना हाताचा कंप आणि गोळ्यांच्या वेळा आपण सांगतोच. त्याबरोबर नानांना हल्ली कोणाचा राग ओळखू येत नाही, थट्टा कळत नाही, व्यवहारात कोणीही फसवून जाते, हेही सोबत गेलेल्या माणसाने सांगावे, कारण नाना स्वतः ते सांगतीलच असे नाही.